कंबरेतले चार इंच

पाच मीटर म्हणजे नेमके किती, यावरून रविवारी सकाळी घरात दोन तट पडले. या घराला तट पडायची सवयच होती. दुकानाच्या पाटीवरून पडले होते, थोरल्या काकांच्या शिलाई मशीनवरून तर दोन वर्षं पडलेले राहिले होते. या वेळी फरक एवढाच, की भांडणाचा विषय दुकानाच्या फरशीवर खडूने आखलेला होता आणि त्याच्या एका टोकाला मास्तर कंबरेवर हात ठेवून उभे होते.

मास्तर म्हणजे या घरचे टेलर मास्तर, वय एक्याऐंशी. हृदयातून बाहेर जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी असलेली झडप इतकी आखडली होती, की दुकानातून वर घरात जाताना ते जिन्यात मध्येच थांबून भिंतीचा रंग न्याहाळत. आपण दमलोय हे कुणाच्या लक्षात येत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. छाती न उघडता मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी वर सरकवायची आणि जुन्या झडपेच्या आतच नवी बसवायची, असं डॉक्टरांच्या मनात होतं. त्याआधी मंगळवारी तपासण्या होत्या आणि त्यातली एक चालण्याची होती. पाच मीटर, नेहमीच्या चालीने. सहा सेकंदांच्या आत आलात तर बरं, असं मागच्या खेपेला सिस्टर बोलता बोलता म्हणाल्या होत्या. तेव्हापासून हे घर परीक्षेला बसलं होतं.

"बाबा, कुठेही रेंगाळायचं नाही. मी 'हं' म्हटलं की सुटायचं," दादा म्हणाला. दादा म्हणजे मास्तरांचा मुलगा, दुकानाचा गल्ला आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या दोन्ही सांभाळणारा. त्याच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलवर सेकंदांचं घड्याळ.

"अजिबात सुटायचं नाही," दाराशी खुर्ची टाकून बसलेली हेडबाई म्हणाली. ही मास्तरांची मुलगी. शाळेची मुख्याध्यापिका झाल्यापासून घरातही तिला याच नावाने हाक मारत, आणि तिला ते आवडत नाही असं ती दाखवत असे. "बाबा, तुम्ही बागेत फिरायला आल्यासारखे या. आमच्या क्लार्कच्या सासऱ्यांनी डॉक्टरांना तरातरा चालून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, माणूस धडधाकट आहे, मग छाती उघडूनच करू या. दोन महिने उताणे पडून होते."

"आणि हळू चालले तर म्हणतील, यांच्यात आता काही राम नाही, घरी घेऊन जा."

"तसं कोण म्हणेल?"

"मग चाल बघतात कशाला?"

"मला कसं चालता येतं, ते मला कुणी विचारणार आहे का?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही थांबा हो बाबा," दोघं एकदम म्हणाले. गेल्या कित्येक वर्षांत बहीणभावाचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट असावी.

सूनबाई कापायच्या टेबलाला टेकून हे सगळं ऐकत होती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला बटणसुद्धा नीट लावता येत नव्हतं. मास्तरांनी तिच्या हातात कात्री दिली, सहा महिने नुसती रद्दी कापायला लावली आणि मग एक दिवस गिऱ्हाइकाचं भारी सुटिंग समोर पसरून स्वतः चहा प्यायला निघून गेले. आता अख्ख्या दुकानाचं कटिंग तीच करत होती. सासऱ्यावर तिचा जीव होता, आणि ते तिने त्यांना कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर मास्तर म्हणाले असते, बाही बघ आधी.

मास्तर चालले. दादाच्या मोबाइलवर आठ सेकंद झाले. हेडबाईच्या मनगटावर साडेआठ झाले.

"बघ, म्हणून सांगत होतो," दादाचा चेहरा उतरला.

"असं कसं? मी कितीही हळू म्हटलं तरी इतकं हळू नाही." हेडबाईला आता स्वतःच्याच सल्ल्याची भीती वाटायला लागली होती. तिने भिंतीला लावलेली लोखंडी मीटरपट्टी काढली आणि मुख्याध्यापिका असूनही गुडघ्यांवर बसून खडूची रेघ मोजायला घेतली. एकदा मोजली, परत मोजली, आणि मग मान वर करून विचारलं, "ही रेघ कुणी मारली?"

"मी," सूनबाई म्हणाली. "काल संध्याकाळी. बरोबर पाच मीटर. दोन्हीकडे दोन-दोन इंच जास्त धरले, एवढंच."

"का धरले?"

खडू हातात आला की दोन इंच सोडायचे असतात, याला काय कारण देणार?

"सकाळी रेघ पुसट झाली होती, म्हणून मी परत मारली," दादा म्हणाला. "थोडं मार्जिन ठेवलं मीपण. वीतभर. इकडे वीत, तिकडे वीत."

"आणि बाबा तुम्ही रेघेच्या मागे का उभे राहिलात?"

"पाऊलभरच मागे होतो. कापड आटतं," मास्तर म्हणाले.

हेडबाईने कपाळाला हात लावला. "पाच मीटर सांगितले तर तुम्ही तिघांनी मिळून जवळजवळ सहा करून ठेवलेत. सकाळपासून हा माणूस सहा मीटर चालतोय आणि तुम्ही घड्याळाकडे बघून काळजीने झुरताय."

दादा खुदकन हसला, मग सूनबाई हसली, मग मास्तर. हेडबाईने हसू दाबत पट्टीने मोजून नवी रेघ मारली. ती इतकी नेमकी होती की शिंप्याच्या घरात परकी वाटत होती. मास्तर पुन्हा चालले. पावणेसात सेकंद झाले, पण शेवटच्या पावलाला त्यांनी टेबलाची कड धरली, आणि खुर्चीवर बसले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांना श्वास पुरत नव्हता. कुणीच हसेना.

"वहिनी, त्यांची कंबर सैल कर आधी," हेडबाई म्हणाली. दादा पाणी आणायला धावला.

सूनबाईने खाली बसून पँटचा हूक काढला आणि कंबरपट्टी सैल करायला हात मागे नेला. बोटांना पाठीमागच्या शिवणीशी कापडाची जाड घडी लागली. ती घडी तिथे असायचं काही कारण नव्हतं. बोटं पुढे सरकली आणि तिला टाके लागले, बारीक, एकसारखे, हाताने घातलेले. असे टाके या शहरात फक्त एक माणूस घालत असे. कंबर आत घेतली होती, आणि नंतर कधीतरी पुन्हा आत घेतली होती. जास्तीचं कापड कापलेलं नव्हतं, नीट दुमडून आत बसवलं होतं. मास्तरांनी आयुष्यात कधी कापड वाया घालवलं नव्हतं.

तिने वर बघितलं. मास्तर तिच्याकडेच बघत होते. श्वास लागलेला असतानाही त्यांनी मान अगदी हलकेच हलवली, नाही म्हणून.

दुपारी हेडबाई शाळेच्या कामाला गेली, दादा आडवा झाला. सूनबाईने इस्त्रीचे कपडे ठेवायच्या निमित्ताने मास्तरांचं कपाट उघडलं. पाच पँट होत्या. पाचही आत घेतलेल्या. तिने टेप लावली. प्रत्येकीत चार इंच, सूतभर इकडे नाही की तिकडे नाही. शर्टांच्या बाजूसुद्धा मारलेल्या. वर्षभर हा माणूस घरच्यांच्या डोळ्यांसमोर आटत होता आणि कपडे मात्र मापात बसत होते.

ती वळली तर मास्तर दारात.

"हाताने शिवलंत," ती म्हणाली.

"मशीनचा आवाज खाली जातो."

"कधीपासून?"

"ती गेल्यापासून." ती म्हणजे सासूबाई. त्यांना जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. "घास घशाखाली उतरत नाही. मुद्दाम करत नाही मी."

"पण मी दुपारी डबा देते, तो रिकामा येतो."

मास्तर पलंगाच्या कडेला बसले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मागच्या गल्लीतलं कुत्रं बघितलंस?"

तिने बघितलं होतं. सगळ्या गल्लीने बघितलं होतं. वर्षभरात ते कुत्रं असं काही गरगरीत झालं होतं की आजूबाजूचे लोक त्याला शेठ म्हणायला लागले होते. ते दुकानाच्या मागच्या पायरीवरून हलत का नाही, हे कोडं आता सुटलं. तिला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि तिने दोन्ही आवरली.

"मंगळवारी हे सांगायला हवं," ती म्हणाली.

"काही सांगायचं नाही. अशक्त म्हणून माझं नाव कापतील. आणि मग हेडबाई मला घेऊन जाईल तिच्या घरी. सकाळी चालायला लावेल, दुपारी वर्तमानपत्र वाचायला लावेल. चांगली आहे गं ती, पण तिथे कापायला काय आहे? एकदा झडप बसू दे, मग खाईन मी. तुला शब्द देतो."

"आणि त्याआधीच काही झालं तर?"

"तू माझ्या हाताखाली शिकलीस," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या कपड्यात काय दडलंय ते आपण बाहेर बोलत नाही."

हे खरं होतं. पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट होती ती. सूनबाईने पँट घडी करून कपाटात ठेवल्या. तो उरलेला दिवस आणि अख्खा सोमवार तिच्या कात्रीला धार नसल्यासारखं झालं. बोलली तर गुरूचा विश्वास जाणार होता. नाही बोलली तर गुरूच जाण्याची भीती होती.

मंगळवारी चौघं इस्पितळात पोहोचले तेव्हा सिस्टरांच्या खोलीत फरशीवर आधीच पांढऱ्या चिकटपट्टीच्या दोन रेघा होत्या. दादाने वाकून दोन्हींतलं अंतर डोळ्यांनी मापलं आणि बायकोच्या कानात पुटपुटला, "मार्जिन नाही."

सिस्टर पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर ठेवून तोच चष्मा शोधणाऱ्या होत्या. त्यांनी मास्तरांना तीनदा चालवलं आणि सरासरी काढली. साडेसहा झाले. दादाने डोळे मिटून घेतले. हेडबाईने उघडे ठेवून ओठ मिटले. मग सिस्टरांनी मूठ आवळायचं यंत्र मास्तरांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "आजोबा, जमेल तेवढा जोर लावा."

मास्तरांनी जोर लावला. सिस्टरांनी काट्याकडे बघितलं, यंत्र झटकलं आणि म्हणाल्या, "परत एकदा."

मास्तरांनी परत लावला.

"हे यंत्र बिघडलं की काय?"

"जवळजवळ सत्तर वर्षं कात्री चालवली आहे," मास्तर म्हणाले. "तुमचं दुसरं यंत्र असेल तर तेही आणा." सकाळपासून ते पहिल्यांदाच ताठ बसले.

"पास ना?" दादाने विचारलं.

"यात पासनापास नसतं हो." सिस्टरांना चष्मा सापडला. "झडप बसवणं हे डॉक्टरांचं काम आणि ते त्यांना छान येतं. पण नंतर माणूस चालायला लागतो की अंथरुणाला खिळतो, हे पुष्कळ गोष्टींवर असतं. नुसत्या वयावर नाही. मूत्रपिंडं कशी आहेत, फुप्फुसं कशी आहेत, पायात किती जोर, अंगात किती मांस, घरी बघायला कोण. आम्ही हे सगळं विचारतो ते कुणाला गाळायला नाही. आधी काय नीट करता येईल ते कळावं म्हणून."

"घरी बघायला मी आहे," हेडबाई म्हणाली.

"आम्ही आहोत," दादा म्हणाला.

"म्हणजे बरेच आहात," सिस्टर म्हणाल्या आणि कागदावर खूण केली. "आता सांगा, गेल्या वर्षभरात वजन कमी झालंय का? जुनी नोंद इथे दिसत नाही."

"छे," दादा म्हणाला. "तेच कपडे आहेत बघा, कसे अंगावर बसलेत. शिंप्याचं घर आहे आमचं. वजन उतरलं असतं तर पहिलं आम्हाला दिसलं असतं."

सिस्टरांनी पेन कागदाला लावलं. मास्तर समोरच्या भिंतीकडे बघत होते. ती भिंत पांढरी होती, तिच्यात न्याहाळण्यासारखं काही नव्हतं. सूनबाईला वाटलं, आपण आत्ता गप्प राहिलो तर हा माणूस आयुष्यभर आपल्याला मान देईल, आणि ते आयुष्य किती असेल कुणास ठाऊक.

"चार इंच," ती म्हणाली.

"काय?"

"कंबर चार इंचांनी कमी झालीय. छाती दोन इंच. वजन मला सांगता येणार नाही, इंच सांगते. कपडे त्यांनी आत घेतलेत, स्वतःच्या हाताने, कुणाला कळू नये म्हणून. दुपारचा डबा ते खात नाहीत, मागच्या गल्लीतल्या कुत्र्याला घालतात. वर्ष झालं."

दादाने वडिलांच्या शर्टाची बाजू चिमटीत धरून बघितली, सोडली, आणि पुन्हा धरून बघितली. दुकानात बसून दुसऱ्यांची मापं लिहिणाऱ्या माणसाला घरातलं माप कळलं नव्हतं.

सिस्टरांनी लिहिलेलं खोडलं आणि उठून डॉक्टरांना बोलवायला गेल्या. डॉक्टर आले, त्यांनी मास्तरांचे दंड चाचपले, पोटऱ्या चाचपल्या, कागद चाळले. मग म्हणाले, "झडप बसवायची आहे, नळीनेच बसवायची आहे, त्यात बदल नाही. पण तुमची तब्येत इतकी टेकीला आलेली नाही की उद्याच करावी लागेल. चार आठवडे घेऊ. आहारतज्ज्ञ सांगतील ते खायचं, शिकवतील ते पायांचे व्यायाम करायचे. दम वाढला, चक्कर आली, छातीत दुखलं, तर आठवडे मोजत बसायचं नाही, सरळ इथे यायचं. अंगात थोडी भर पडली तर नंतर उठून उभं राहणं सोपं जाईल. उपाशी माणसाला आम्ही नवी झडप देऊ शकतो, भूक देऊ शकत नाही."

परतताना गाडीत मास्तर पुढे बसले आणि त्यांनी सगळ्यांकडे पाठ केली.

"तुला माहीत होतं?" हेडबाईने मागच्या सीटवर सूनबाईला विचारलं. "रविवारपासून?"

"हो."

"आणि दोन दिवस तू गप्प होतीस?" हे दादाने आरशातून विचारलं.

"दोन दिवस गप्प राहिली ते ठीक होतं," मास्तर पुढून म्हणाले. "तिसऱ्या दिवशी काय झालं तिला? कटर म्हणून तयार केली होती, फितूर निघाली."

म्हणजे गाडीत तिघं एका बाजूला आणि सूनबाई एकटी दुसऱ्या बाजूला असा प्रकार झाला. बहीणभाऊ तिच्यावर दोन दिवसांसाठी रागावलेले होते आणि मास्तर एका वाक्यासाठी. तिने खिडकीची काच खाली केली. इतक्या वर्षांत मास्तरांनी तिच्यावर आवाज चढवला होता तो बाहीसाठी, कॉलरसाठी. असा ठपका कधी ठेवला नव्हता. तिला फार लागलं ते.

"बाबा माझ्याकडे येऊ देत," थोड्या वेळाने हेडबाई म्हणाली. "मी समोर बसून भरवीन."

"तू समोर बसलीस तर मी सुद्धा जेवणार नाही," दादा म्हणाला. "परीक्षेला पर्यवेक्षक आल्यासारखं वाटतं."

हेडबाई रागवेल असं वाटलं होतं. पण ती भावाकडे बघून हळूच म्हणाली, "दादा, आपल्याला कुत्रं जाड झालेलं दिसलं रे, बाप बारीक झालेला नाही दिसला." दुकानाशी उतरताना तिने वहिनीचा हात दाबला.

मास्तर वर गेले नाहीत. दुकानात जाऊन कापायच्या टेबलाशी बसले आणि कुणाचं तरी अर्धवट राहिलेलं जाकीट उगाच उलटसुलट करत राहिले. सूनबाई वर गेली. तिने दोन ताटं वाढली, दोन्ही घेऊन खाली आली, टेबलावरचं कापड गुंडाळून बाजूला केलं आणि एक ताट मास्तरांच्या पुढ्यात ठेवून दुसरं घेऊन समोरच्या स्टुलावर बसली.

"कापायच्या टेबलावर जेवत नाहीत," मास्तर म्हणाले.

"माहीत आहे. तुम्हीच शिकवलंत."

"मी तुझ्याशी बोलत नाहीये."

"नका बोलू. जेवा."

तिने स्वतः जेवायला सुरुवात केली. तिलाही भूक नव्हती, पण ती जेवत राहिली. मास्तरांनी बराच वेळ ताटाला हात लावला नाही.

"सांगितलं होतं की नाही तुला, ते बाहेर काढायचं नाही म्हणून?"

"तुम्ही सांगितलं होतं. मी हो म्हटलं नव्हतं."

मास्तरांनी आठवून पाहिलं. ती खरंच हो म्हणाली नव्हती.

"आम्ही दोघं इथेच, पाठीमागच्या खोलीत जेवायचो," ते म्हणाले. "ती गिऱ्हाइकांच्या नकला करायची. तो जाडा वकील पोट आत ओढून माप द्यायचा ना, त्याची तर हुबेहूब. हसता हसता चार घास जास्त जायचे. आता ताट समोर आलं की पहिलं तेच आठवतं, आणि मग नको वाटतं."

"मला नकला येत नाहीत, बाबा."

"येत नाहीत ते बरंच आहे." त्यांनी एक घास घेतला. बराच वेळ चावत राहिले. "चव नाही."

"माहीत आहे."

"मीठ बरोबर पडलंय?"

"पडलंय."

"मग माझ्याच तोंडाला नाही." त्यांनी दुसरा घास घेतला. मागच्या दाराशी कुत्र्याचं नखांनी खरवडणं ऐकू आलं. मास्तरांनी तिकडे बघितलं, सूनबाईने बघितलं नाही. मास्तरांनी ताट स्वतःकडे ओढून घेतलं आणि मान खाली घालून जेवायला लागले. काम आलं की करायचं, तसे ते जेवत होते. मध्ये एकदा थांबून त्यांनी डोळे पुसले, आणि आपण ते पाहिलं नाही असं तिने दाखवलं नाही. तीही रडतच होती.

ताट रिकामं झालं तेव्हा त्यांनी ते पुढे सरकवलं.

"अजून वाढ," मास्तर म्हणाले.